माटोळीतला दात

दादा गेला त्या दिवशी माझी दाढ दुखत होती.

गाल सुजला होता. समाचाराला आलेली माणसं माझ्याकडे बघून हळहळत होती. "धाकट्यान किती रडून घेतल्यान बघ, तोंड सुजला मरे त्याचा!" मी मान खाली घातली. रडलो होतो हे खरं. पण सूज रडण्याची नव्हती. तेवढ्यात शेजारचे आबा ओट्यावर बसत मोठ्याने म्हणाले, "काय माणूस! बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन गेलो रे बाबल!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मी, त्याचा सख्खा भाऊ, सुतकात बसलेला, डोळे ओले असलेला, मनात म्हणालो : इथेही!

दादाच्या दातांचं कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलो. तो शिरगावला खनिजाचा ट्रक चालवायचा; खाणी बंद पडल्यावर धारगळला घरी येऊन बागायत बघू लागला. काम बदललं, दात बदलले नाहीत. सोड्याच्या बाटलीचं बूच तो दाढेत धरून काढायचा. नारळाची सोडणं (वरची जाड सालं) दातांनी ओढायचा. अख्खी सुपारी फोडायचा, बर्फ चावायचा, आणि हे सगळं हसत हसत. सुकी कांकणं (बांगडीसारखा तो कडक पाव) तो कोरडीच कुडुमकुडुम खायचा. मी माझं कांकण चहात बुडवून ते विरघळायची वाट पाहत बसायचो. आई आमच्याकडे बघून म्हणायची, "बाबलाचे दात बघ, नायतर तुझे!"

मी डिचोलीच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. दातांविषयी वाचायचं काही मी शिल्लक ठेवलं नव्हतं. बाजारातला सगळ्यात कडक ब्रश आणून दिवसातून तीनदा, तवा घासावा तसे दात घासायचो. सकाळी अनशापोटी लिंबाचं गरम पाणी प्यायचो. जेवल्यावर सेफ्टी पिनेने फटी साफ करायचो. वाचताना पेन्सिल चावायचो. पण तो अभ्यासाचा भाग झाला. आणि एके दिवशी माझा पुढचा दात मोडला. कशाने? पेन्सिलीने! दादा दातांनी सोड्याची बाटली उघडत होता आणि माझा दात पेन्सिलीने उघडला होता. त्यावर कॅप बसवली. दादा बघायला आला, वाकून निरखलं आणि म्हणाला, "मस्त दिसता. खऱ्यापेक्षा बरो."

हे मी विसरू शकलो नाही.

पण माझं खरं दुखणं होतं माटोळी. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घड, तवशी (मोठ्या गावठी काकड्या), चिबूड, रानातली कांगलां, हरणां, कुड्याच्या शेंगा असं काय काय बांधतात. ती माटोळी. आमची माटोळी कायम दादा बांधायचा. एका हातात फळ, दुसऱ्या हातात दोर, आणि दोराचं टोक दातांत. एक हिसका दिला की गाठ अशी बसायची की विसर्जनापर्यंत हलायची नाही. मी खाली उभा राहून वस्तू पुरवायचो. पाहुणे यायचे, वर बघायचे, म्हणायचे, "बाबलान किती बरी बांधल्यान!" चिबूड पुरवणाऱ्याचं नाव आजवर कोणी काढलेलं नाही.

एकदाच कोणीतरी "सदान बांधल्यान" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

काही वर्षांपूर्वीच्या चवथीला दादा नारळ उतरवायला मागल्या बागेत गेला. चौकटीचा एक कोपरा रिकामा होता. मी एक तवसं उचललं आणि स्टुलावर चढलो.

"अहो, उतरा खाली!" माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली. "भावोजी येतील आता!"

"म्हणूनच चढलोय."

"मग कात्री तरी घ्या!"

कात्री! दादाने कधी कात्री घेतली होती? मी डाव्या हातात तवसं धरलं, उजव्या हाताने दोराचा फेरा घातला, टोक पुढच्या दातांत पकडलं आणि सगळी असूया एकवटून हिसका दिला.

गाठ बसली. काय बसली! दादाच्या तोडीची! मी समाधानाने जीभ फिरवली आणि जीभ बाहेर डोकावली. कॅप जागेवर नव्हती. वर पाहिलं. तवशाच्या देठाशी, गाठीच्या बरोबर मधोमध, माझा दात आवळून बसला होता.

सोडवायला हात वर केला तोच भटजी गणपतीसमोर बसले. "आता माटोळीला हात नको. विसर्जनापर्यंत वरचं खाली नाही!"

गणपती पाच दिवसांचा होता.

मी तोंड मिटून घेतलं. विशेष म्हणजे कोणाला काही फरक जाणवला नाही! आई तेवढी म्हणाली, "सदा आज जरा बोलता कमी." (मी एरवीही इतकाच बोलतो.) आरतीच्या वेळी मात्र दादा माझ्या शेजारी उभा होता. मी मिटल्या ओठांनी गुणगुणतोय हे त्याने पाहिलं, मग वर पाहिलं, मग परत माझ्याकडे पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले. टाळ त्याच्या हातात होते म्हणून बरं. सगळ्यांना वाटलं भक्ती.

"दादा, कोणाला फांगू नको," मी पुटपुटलो.

"नाय फांगणार," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या माटोळी स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांतले चष्मेवाले गृहस्थ मान वर करून एकेक वस्तू टिपून घेत होते. तवशापाशी येऊन थांबले.

"हे पांढरं काय आहे?"

मी भिंतीला टेकलो. दादा शांतपणे पुढे झाला.

"रानातला आसा. फार दुर्मीळ. झाडार एकदाच लागता."

"असं? नाव काय?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. "नाव नाका विचारू. नाव घेतलां की तां लाजता."

माझे कान तापले. परीक्षकांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि लिहून घेतलं.

निकाल लागला. पहिलं बक्षीस दादाला! दुर्मीळ रानफळं जमवल्याबद्दल खास कौतुक! पेपरात फोटो आला. मधोमध दादा, बत्तीस दात दाखवत. त्याच्या खांद्यामागे मी, ओठ मिटून.

"तो माझा दात होता!" मी सुनंदाला म्हणालो.

"मग जाऊन सांगा की त्यांना."

विसर्जनानंतर दादाने ते तवसं उतरवलं. ती गाठ माझ्याने सुटेना, सुनंदाच्याने सुटेना. दादाने ती तोंडात धरली, दोन वेळा मान हलवली आणि सुटली. कॅप वाटीत धुऊन माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, "घे. तुझो दात माझ्या दातांनी सोडवलंय."

दाताच्या डॉक्टर तरुण होत्या. कॅप परत बसवून त्यांनी माझ्या तोंडात बराच वेळ टॉर्च मारला. "काका, ब्रश कसा करता?" मी अभिमानाने करून दाखवलं. त्या दचकल्या. "इतका कडक ब्रश, इतका जोर! हिरड्या तुम्हीच घासून वर सरकवल्यात. लिंबूपाण्याने दातांचं वरचं कवच गेलंय. ती पिन आजच टाकून द्या." मग त्या आणखी वाकल्या. "आणि दाढा सपाट झाल्यात. रात्री झोपेत दात खाता का? काही टेन्शन आहे?"

सुनंदा म्हणाली, "ह्यांना मोठा भाऊ आहे."

डॉक्टरांनी झोपताना दातांवर घालायला प्लॅस्टिकचं एक कवच दिलं. वर म्हणाल्या, भावालाही घेऊन या. मी दुसऱ्याच दिवशी नेलं! त्यांनी दादाचे दात तपासले आणि गंभीर झाल्या. "दातांना बारीक चिरा गेल्यात. बाटल्या, सुपाऱ्या, दोर, सगळं बंद करा. नाहीतर एक दिवस अख्खा दात उभा फुटेल."

डिचोलीहून धारगळपर्यंत मी इतका आनंदात होतो की वाटेत दादाला बर्फ घातलेलं सरबत पाजलं. त्याने त्यातला बर्फ चावून खाल्ला. मी त्या एका दिवसाची वाट पाहायला लागलो. वर्ष गेलं, आणखी एक गेलं. तो दिवस आलाच नाही. भलताच आला. सकाळी बागेत पाणी सोडायला म्हणून दादा गेला आणि तिथेच पडला. दात सगळे जागेवर होते.

गेल्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी माझं कवच उजेडात धरून फिरवलं. "अरे वा! एकही नवा ओरखडा नाही. दात खाणं थांबलं! टेन्शन गेलं वाटतं?"

सुनंदा या वेळी काही बोलली नाही.

आता चवथ जवळ आली आहे. माटोळी यंदा मीच बांधायची. दुसरं कोणी नाही. काल पुसायला म्हणून चौकट खाली काढली, तर एका कोपऱ्यात दादाच्या हातची एक गाठ तशीच राहिलेली दिसली. फळ कधीचं गेलंय, दोर सुकलाय. मी नखांनी ओढून पाहिलं. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून तोंड जवळ नेलं, आणि मागे घेतलं. सुनंदाने शेजारी कात्री आणून ठेवली. ती मी परत खणात ठेवली.

चौकटीवर दादाची गाठ आहे. माझ्या तोंडात कॅप आहे. गाठ घट्ट आहे. कॅप हलते.