खुंटीला बांधलेला तिरपा दोरा

नव्या सुती साडीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि मी नागपुरातल्या आमच्या विणकरी घरात, नववीतल्या एका सकाळी जाऊन पोहोचते.

मी गणित सोडून गृहविज्ञान घ्यायचं, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. म्हणून गणिताच्या बाई रविवारी घरी आल्या. बाबा मागावर बसले होते. "पोरीले गणित काहून पाहिजे जी, बाई?" एवढं विचारून ते विणत राहिले.

बाईंनी वाद घातला नाही. आईकडून खळ लावलेला ताठ दोरा मागून घेतला आणि भिंतीच्या खुंटीपासून जमिनीवरच्या दगडापर्यंत तिरपा ताणून बांधला. काटकोन त्रिकोणात उभी बाजू भागिले तिरपी म्हणजे साइन. त्रिकोण मोठा झाला की साइनही वाढणार, असं मी वर्गात हटून सांगितलं होतं. बाईंनी दोऱ्याखाली काडी उभी केली.

"मोज वं. मोठ्यानं सांग."

काडी एक वीत, दगडापासून तिथपर्यंतचा दोरा दोन विती. पुढची काडी दोन विती, दोरा चार.

"दोन्हीकडे निम्माच!" मी ओरडले.

मागाची खटखट थांबली होती. "अन् दोरा पार छपरावर नेला तर?" बाबांनी विचारलं.

"कोन तोच ठेवा, निम्माच येईल," बाई म्हणाल्या.

बाबा उठून आले. त्यांनी आपल्या मोठ्या वितीनं मोजून पाहिलं. तरी निम्माच.

"मंग घेऊ द्या पोरीले गणित."

पुढे मीही गणित शिकवू लागले, तेव्हा कुठे बाईंची हुशारी कळली. साइन तर त्यांनी मला शाळेतही समजावला असता. त्या दिवशी त्यांचा विद्यार्थी मागावर बसला होता.