पहिला रकाना जुलैचा

आमच्या शाळेत त्यांना सगळे जुलैकाका म्हणत. शाळेचं हिशेबाचं वर्ष एक जुलैला उघडतं आणि तीस जूनला मिटतं, म्हणून हा लेखापाल दर एक जुलैला सकाळी प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "नवीन वर्ष सुखाचं जावो." जानेवारीत कुणी शुभेच्छा दिल्या तर उत्तर ठरलेलं, "अजून सहा महिने आहेत." मी समोरच्या टेबलावर फीच्या पावत्या करते आणि कमिटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहिते. चौदा वर्षं मी हा विनोद ऐकला. पहिल्या वर्षी हसले होते.

विनोद सोडला तर माणूस थकलेला होता. एकतीस वर्षं एकच रजिस्टर, लांबलचक, आडवं, बारा रकान्यांचं. त्यातला पहिला रकाना जुलैचा, शेवटचा जूनचा. घरी मुलगी संसार मोडून दोन लेकरांना घेऊन परत आलेली. पुढच्या वर्षी जूनमध्ये काका निवृत्त व्हायचे होते आणि एका वर्षाच्या मुदतवाढीसाठी त्यांनी कमिटीकडे अर्ज दिला होता. "आणखी एक वर्ष ओढलं की धाकटी शाळेत जाईल," एवढंच ते बोलले होते.

त्यातच कमिटीच्या खजिनदारांनी हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर आणलं. शिकवायला आलेल्या माणसाला काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, वर्ष जुलैपासून लावता येईल का. येईल म्हणाला, एका ठिकाणी महिना बदलायचा, झालं. पण खजिनदारांचा स्वतःचा धंदा जानेवारी ते डिसेंबर चालतो. त्यांना वाचायला सोपं पडावं म्हणून जानेवारीच राहिला. मग काकांनी करायचं काय, तर शाळेच्या एका वर्षाचे दोन तुकडे करायचे. जुलै ते डिसेंबर या वर्षीच्या बजेटात सातव्या रकान्यापासून, आणि जानेवारी ते जून पुढच्या वर्षीच्या बजेटात. एकाची सोय आणि दुसऱ्याच्या नाकी नऊ, हे आमच्याकडे नेहमीचंच.

खर्चाच्या चौसष्ट ओळी, प्रत्येकीचे बारा आकडे. रजिस्टर डाव्या हाताला ठेवून काकांनी तीन दिवसांत सगळं भरलं. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जुलैत कमिटीनं प्रिंटवर सह्या केल्या. ती वाचली कुणीच नाही. मीसुद्धा नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला खजिनदारांची चिठ्ठी आली. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या बसला एका पैशाचीही मंजुरी नसताना खर्च झाला आहे, डिसेंबरलाही मंजुरी नाही, तरी जानेवारीपासून ती बस बंद करावी. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये शिक्कामोर्तब.

दुसरी बस म्हणजे खाणीकडची एकोणीस मुलं आणि त्यांना चढवणारी-उतरवणारी बसमावशी. तिचा पगारही त्याच ओळीत. बातमी कळल्यावर ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली, आत काही आली नाही.

"भाऊ, माझं काही चुकलं का?" तिनं काकांना विचारलं. "एक दिवस खाडा नाही हो माझा."

"बघतो मी," काका म्हणाले.

त्यांनी रजिस्टर काढलं, पडद्यावर बजेट उघडलं आणि बसच्या ओळीवर बोट ठेवलं. बोट अकराव्या रकान्यापाशी थांबलं. मग चष्मा काढून ठेवला.

"ताई, चूक माझी आहे."

मी उठून गेले. त्यांनी दाखवलं. शिकवलेलं सगळं लक्षात असूनही काकांचा हात रजिस्टरच्या सवयीनं चालला होता. जुलैचे आकडे पहिल्या रकान्यात, आणि पडद्यावर पहिला रकाना जानेवारीचा. मे आणि जून सुट्टीचे, बसला शून्य. ती दोन शून्यं जाऊन बसली होती नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या खाली. बाकी महिने सारखेच असल्यानं तोवर काही दिसलं नव्हतं.

"सॉफ्टवेअरनं गोंधळ केला म्हणा," मी म्हटलं. "सगळे तेच म्हणतात. मुदतवाढही त्याच मीटिंगला आहे काका."

"वर महिन्याचं नाव लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही."

"मग गुपचूप दुरुस्त करा."

"सह्या झालेली प्रिंट त्यांच्या हातात आहे. आकडा का बदलला ते सांगावंच लागेल." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणि माझ्या हातानं त्या बाईचा पगार पुसला गेलाय."

मला त्यांचा राग आला. असल्या माणसांचा येतोच, कारण आपण तसे नसतो.

दोन दिवस त्यांनी चौसष्ट ओळी पुन्हा भरल्या, आता दोन तुकड्यांत. प्रत्येक आकड्याआधी महिना पुटपुटत होते. तिसऱ्यांदा चहा गार झाला तेव्हा मी विचारायचं सोडलं.

शुक्रवारी काकांनी उभं राहून सगळं सांगितलं. खजिनदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एकतीस वर्षं नोकरी करून वर्षाचा पहिला महिना कोणता ते कळत नाही तुम्हाला?"

"माझा पाठ होता साहेब. म्हणून तर चुकलं."

कुणी हसलं नाही. बस चालू ठेवायची ठरली. पुढचा विषय मुदतवाढीचा. त्यावर अर्धं मिनिटही कुणी बोललं नाही. 'अर्ज नामंजूर' हे दोन शब्द इतिवृत्तात मीच लिहिले. जुलैपासून खजिनदारांच्या ऑफिसातला माणूस आठवड्यातून दोनदा येऊन हिशेब पाहील, वेगळा पगार नको, असंही ठरलं.

बसमावशीला बस राहिल्याचं कळलं. का राहिली ते तिला कुणी सांगितलं नाही, काकांनी तर नाहीच.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात काका पुढच्या वर्षाचं बजेट भरायला बसले. जिवावर आलेलं काम, पण करायचं त्यांनाच होतं. पगारांच्या ओळी घेतल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली. 'लेखापाल' या ओळीत जानेवारी ते जूनचे आकडे डिसेंबरातच भरलेले होते. त्यापुढच्या रिकाम्या रकान्यावर त्यांचं बोट होतं.

"ताई, जरा बघा. वर जुलैच लिहिलंय ना?"

मी वाकून पाहिलं. वाचायला मला वेळ लागला.

"हो काका. जुलैच आहे."

त्यांनी मान हलवली आणि शून्य भरलं.