तिकडं तोंड करा

टेंभुर्णीच्या चौकात मी लोकांना मतदानाची मशीन दाखवत होतो. एक बाई पुढे आली, मशीनवर पदर धरला, पण बटण दाबेना. मागे उन्हात रांग खोळंबली.

"सर, तिकडं तोंड करा."

मी वैतागलो. "अहो ताई, ही नुसती सरावाची मशीन आहे. इथलं मत कुठंच जात नाही."

"मंग लपवायचा सराव कवा करू?" तिने मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे हनुवटी उडवली. "त्यायलाबी वळवा."

रांग हसली. नवरा कुरकुरत वळला, चडफडत मीही वळलो. बीप वाजली, तरी मला मागे बघवेना. घरी बायकोने कोणतं बटण दाबायचं, ते दर निवडणुकीला मीच सांगतो.