‘पहिला की दुसरा?’ : पंचवटीच्या लसकेंद्रापर्यंतची आमची फेरी

हा ब्लॉग माझ्या नातसुनेचा, वैशालीचा. लग्नाआधी ती इथं गड चढल्याचं लिहायची. गेलं दीड वर्ष सगळ्यांनी घरचा उंबराच चढला-उतरला, मग लिहिणार काय? परवाच्या फेरीचं लिही म्हटलं, तर म्हणाली, “आजी, हे मला लिहवणार नाही. तुम्ही सांगा, मी टाइप करते.” मला अक्षर येत नाही. मी सांगते तेच ती लिहिते की मधूनच आपलं मीठ घालते, मला काय कळणार? विश्वासावर चाललंय. लशीचंही तसंच होतं.

वैशालीला पाचवा महिना सरत आलेला. गरोदर बायकांनाही आता लस देतात, असं तिच्या नवऱ्यानं, माझ्या नातवानं, सागरनं फोनवर वाचलं आणि घरात दोन तट पडले. माझी सून मंदा, म्हणजे वैशालीची सासू, हिच्या फोनवर रोज नवा व्हिडिओ. एकात लस घेतलेल्या बाईचं बाळ निळं झालेलं, दुसऱ्यात लस घेतली की मूलच होत नाही. “मग पहिल्या बाईला कसं झालं गं?” मी विचारलं. “आत्याबाई, तुम्हाला सगळी चेष्टाच सुचते,” मंदा म्हणाली. चेष्टा कसली! मी घाबरले की माझी जीभ जास्त चालते, एवढंच.

भीती दोन्हीकडून होती. वैशालीच्या माहेरी, लासलगावच्या बाजूला, तिच्या वर्गातली एक पोर उन्हाळ्यात कोरोनानं गेली. आठवा महिना होता. पोटातल्यासकट गेली. तेव्हापासून वैशाली नुसती खोकली तरी हात आधी पोटावर जायचा.

सागरला विचारावं, तर तो निर्णय देण्यात असा पटाईत, की चहा घेतोस का विचारलं तरी म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. शेवटी मीच वैशालीला म्हटलं, “चल, विचारून तर येऊ. विचारायला सुई लागत नाही.” मंदाला सांगितलं, माझे डोळे दाखवायला चाललोय. गावातल्या उपकेंद्रात का नाही गेलो? अहो, तिथं नंबर लागायच्या आधी बातमी घरी पोचते.

पहाटे पाचला सागरच्या पिकअपमधून निघालो. मागं मेथी, शेपू आणि झेंडू. झेंडू निम्माच. देवळं बंद, मग फुलं वाहणार कुणाला? दिंडोरी रस्ता एरवी पाऊण तासाचा, पण पावसानं त्याची पार चाळण केलेली. दर खड्ड्याला सागर गाडी इतकी हळू करायचा, की शेजारून एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वर वळून बघितलंही त्यानं. वैशाली खिडकीची कडी धरून बसली होती, जणू गाडी नाही, तीच सुटेल.

माल उतरवून सागरनं आम्हाला पंचवटीतल्या एका शाळेपाशी सोडलं, तिथंच केंद्र. तुम्ही पोटुशीला घेऊन जाणार असाल तर ऐका. आठच्या आत पोचा. उपाशी नेऊ नका; कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे बरे मिळतात, दोघींचं पन्नासात भागलं. आधार कार्ड आणि दवाखान्याची फाइल जवळ ठेवा. आणि ब्लाउज सैल बाहीचा घाला. आमच्या पुढच्या बाईची बाही दंडावर चढेना, तर तिला पडद्याआड अर्धं लुगडं सोडावं लागलं.

रांगेत एक म्हातारी माझ्याच वयाची. म्हणाली, “पोटुशीला कुठं आणली गं बाई ह्या गर्दीत?”

“तुला बघायला आणली,” मी म्हटलं. ती लांब सरकली, पण वैशालीही दोन पावलं मागं सरकली. मग मी तिला माझा दंड दाखवला. दोन गोल वण आहेत, लहानपणी देवीची लस टोचली त्याचे. टोचणारा गावात आला तेव्हा आईनं मला धान्याच्या कणगीत लपवलं होतं. मला आत शिंक आली, म्हणून सापडले. “शिंक आली नसती तर?” वैशालीनं विचारलं. मी तिला रांगेत पुढं सरकवलं. माझी धाकटी बहीण दुसऱ्या कणगीत होती, ती सापडली नाही. पुढं तिला देवी आल्या. हे मी वैशालीला तेव्हा सांगितलं नाही. आता लिहिताना तिला कळतंय.

नंबर आला. टेबलामागच्या नर्सबाईनं आधार कार्ड घेतलं, वैशालीच्या पोटाकडं बघितलं आणि विचारलं, “पहिला की दुसरा?”

वैशाली पिशवीतून फाइल काढत होती. मला वाटलं, पोटातल्याचं विचारतेय, आणि बाईनं सरळ मुलगाच धरला की! आता इथं एक सांगायला हवं. गावात आम्ही हिला पहिलटकरीण म्हणतो. ते खरं नाही. गेल्या वर्षी नागपंचमीला ही माहेरी गेलेली, तेव्हा तिसऱ्या महिन्यात तिचं पडलं. मंदा म्हणाली, बोलायचं नाही, दृष्ट लागते. कुणी बोललं नाही. गावातल्या आशाताईंच्या वहीतही पहिलीच खेप लिहून घेतली. पण दवाखान्यात खोटं बोलू नये, एवढी अक्कल मला आहे.

“दुसरा,” मी म्हटलं.

नर्सबाईनं बटणं दाबली, आठी घातली. “पहिल्याची नोंदच दिसत नाहीये.”

“नोंद कुठून असणार? कुणाला सांगितलंच नाही.”

“अहो मावशी, असं कसं? पहिला झाला कुठं?”

“माहेरी. झाला कसला बाई, गेला.”

“गेला म्हणजे? वाया गेला?”

वैशालीनं माझा दंड असा आवळला, की तिची नखं माझ्या त्या वणांवरच रुतली. “आजी,” ती म्हणाली, “त्या डोसचं विचारतायत.” आणि तिथंच बाकावर बसून रडायला लागली. मास्क ओला होऊन तोंडाला चिकटला, तो काढायचंही तिला सुचेना.

नर्सबाई खुर्ची सोडून पुढं आल्या. “मला ठाऊक नव्हतं हो,” एवढंच म्हणाल्या, पाणी दिलं आणि आम्हाला शेजारच्या वर्गात डॉक्टरीणबाईंकडं नेलं. फळ्यावर अजून कुणाची तरी जुनी बाराखडी होती. वयानं वैशालीएवढीच असेल ती डॉक्टरीण. तिच्यापुढं वैशाली जे बोलली, ते मी एका घरात राहून वर्षभर ऐकलं नव्हतं.

“मागच्या वेळी माहेरी धनुर्वाताची सुई घेतली. चौथ्या दिवशी सगळं गेलं. मी कुणाला सांगितलं नाही. मीच दंड पुढं केला होता.”

म्हणजे हिला व्हिडिओची भीती नव्हती. बाळ गेल्याचा दोष मंदा पपईला देत होती, मी मनात एसटीच्या धक्क्यांना, आणि ही पोर वर्षभर आपल्याच दंडाला.

डॉक्टरीणबाई हळू बोलल्या. “सुई आधी झाली आणि बाळ नंतर गेलं, एवढंच खरं आहे. सुईमुळं नाही गेलं. सुरुवातीच्या महिन्यांत अशी कितीतरी जातात, आणि त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. ह्या आजाराची मला जास्त धास्ती वाटते. पोट वाढलं की श्वास आधीच अपुरा पडतो.”

“खात्री देता?” मी विचारलं.

“खात्री कशाचीच नाही देत, आजी. माझ्या वहिनीला गेल्या आठवड्यात दिली, सहावा आहे तिला. रोज दोनदा फोन करून विचारते, हलतंय ना? ती वैतागलीय माझ्यावर.”

वैशाली हसली नाही. ओला मास्क नीट केला. मग उठली, बाही स्वतःच वर केली आणि मला म्हणाली, “आजी, तुम्ही धरू नका हं मला.” मी धरलं नाही. माझे हात मी पदरात गुंडाळून ठेवले.

सुई झाल्यावर अर्धा तास बसवतात. तो अर्धा तास मी आयुष्यात जेवढे देव ऐकलेत तेवढे मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून. परतीच्या रस्त्यात सागरनं विचारलं, “हलतंय का?” वैशालीनं मान हलवली, नाही. खड्डे तेच होते, पण आता प्रत्येक खड्ड्यानंतर सागर आधी तिच्या पोटाकडं बघायचा, मग रस्त्याकडं.

घरी मंदानं माझ्या डोळ्यांकडं बघितलंही नाही. थेट वैशालीच्या दंडाकडं बघितलं. “मला वाटलंच,” म्हणाली आणि आत गेली. संध्याकाळी वैशालीला कणकण आली. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तापाची गोळी दिली. मंदानं ओली पट्टी केली, पण माझ्याशी बोलणं बंद. पोट शांतच.

सकाळी ताप उतरला. चहा गाळता गाळता मंदानं तोंड उघडलं, आणि उघडलं ते असं, की वाड्यावरची कुत्री गप्प झाली. “तुम्हाला काय, तुमचं झालं जगून! डोळे म्हणे दाखवायचे! काही बरं-वाईट झालं असतं तर?”

“आई, थांबा!” वैशाली ओरडली. दोन्ही हात पोटावर. आम्ही जागच्या जागी. मग ती म्हणाली, “नाही, थांबू नका. बोला अजून. तुमच्या आवाजावर लाथा मारतंय.”

मंदाच्या हातातली गाळणी तशीच. तिला पुढचं काही बोलता येईना. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं.

चार दिवसांनी आशाताई वही घेऊन आल्या. “लस घेतली म्हणे. पहिला डोस ना?”

“डोस पहिला,” वैशाली म्हणाली. “खेप मात्र दुसरी आहे, ताई. तेवढं दुरुस्त करून घ्या.”

आशाताईंचं पेन थांबलं. त्यांनी मंदाकडं बघितलं. मंदा मेथी निवडत होती. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ती मान वर न करता म्हणाली, “गेल्या वर्षीची नागपंचमी. आदल्या दिवशी, दुपारी. लिहा.”

दिवस तर तिला माहीत होताच, वेळसुद्धा माहीत होती.

आता घरी बसून हे सांगतेय. भीती गेली का म्हणाल, तर नाही. बाळ हातात येईपर्यंत ती जायची नाही, आणि आल्यावर तिची जागा दुसरी घेईल. पण आता घरात ती बोलता येते. मंदा रोज सकाळी वैशालीच्या पोटाजवळ उभी राहून मला मोठ्यानं बोलते, बाळासाठी म्हणे. मला संशय आहे, पण चालू दे.

पुढच्या डोसला पुन्हा पंचवटीला जायचंय. नर्सबाईंनी “पहिला की दुसरा?” विचारलं, तर मी तोंड उघडणार नाही, असं मला बजावलंय. वैशाली सांगणार आहे. दोन्हींचं.