डिझेलमधलं दहा टक्के पाणी

इंजिनाच्या लॅबमध्ये तीन वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. मुद्दाम जमवायचे होते ते माझ्या एम.ई.च्या प्रबंधाचे आकडे. ते मात्र जमत नव्हते.

विषय सरांनी दिलेला. करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करायचं, त्यात दहा टक्के पाणी घोटून बसवायचं, म्हणजे धूर कमी होतो. प्रबंध पास झाला तरच कॉलेजातली माझी नोकरी कायम होणार होती. पदरात आठ महिन्यांची मुलगी. एरवीही काळजी करायला मला कारण लागत नाही.

*

बायोडिझेलात मिसळायला आणि तुलनेसाठी साधं डिझेल हवं होतं. कॅन घेऊन सावेडीच्या एका पंपावर गेले आणि बोलून बसले, "चांगलं द्या हं, पाणी आम्ही नंतर घालतो."

पंपवाला कॅन भरत म्हणाला, "ताई, असले धंदे निदान हळू आवाजात सांगावेत."

*

लॅबचं घुसळायचं यंत्र बिघडलं, म्हणून घरचा मिक्सर नेला. परत आणल्यावर उकळत्या पाण्याने सात वेळा धुतला, तरी त्यात मुलीची पेज करवेना. सासूबाईंनी शांतपणे त्यात शेंगदाण्याची चटणी वाटली. सगळ्यांनी दोनदा घेतली. मी वरणभात खाल्ला.

*

पाणी तळाला बसलं की सगळं मुसळ केरात. म्हणून त्या दुधाळ मिश्रणाची बाटली मी पर्समध्येच ठेवायची. मुलीला डोस द्यायला नेलं, तिथेही काढून बघितली. डॉक्टर म्हणाले, "हे दूध फाटलंय, बाळाला देऊ नका."

"दूध नाही, डिझेल आहे," मी म्हटलं.

त्यांनी मुलीचं वजन पुन्हा एकदा केलं.

*

शेवटी तोंडी परीक्षेचा दिवस उगवला. टाकी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. इंजिन सांभाळायला साळवेमामा, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इंजिनाला पोटच्या पोरासारखं जपत, म्हणून इंधनात पाणी आहे हे त्यांना सांगायचंच नाही, असं सरांनी ठरवलेलं.

इंजिन चालू झालं. धूर तपासायच्या कागदावर डाग अगदी फिका आला. बाहेरून आलेले परीक्षक खूश. कागद उजेडात धरून त्यांनी मला विचारलं, "छान. यात पाणी किती आहे?"

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झाले. "पानी? थेंबभर न्हाई, साहेब. टाकीच्या तळाला साठलं हुतं, सकाळीच समदं सोडून दिलं."