नवसाचं पिवळं फूल

फूल दिसलं की काकूंचा हात आधी जायचा, नजर मागून. तुमच्याही सोसायटीत अशी एक काकू असणारच. सकाळी फिरायला निघताना हातात पिशवी, आणि दुसऱ्याच्या कुंपणावरून वाकलेली फांदी म्हणजे आपलीच. वर ऐकवायच्या, "विकतचं फूल काय, कुणीही वाहील!"

इथे परदेशात, क्रेगीबर्नला, आमच्या शेजारी त्या लेकीच्या बाळंतपणाला आल्या आणि कोरोनात विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. काका पुण्यात एकटेच. आमच्या नव्या वस्तीत फुलझाडं म्हणाल तर नावाला. पण मागे एक गवताळ माळरान होतं, मधून पायवाट. तिथे जमिनीलगत एक पिवळं फूल यायचं, शर्टाच्या बटणाएवढं. काकूंना त्याचा शोध लागला आणि त्यांची पिशवी पुन्हा बाहेर निघाली.

दुसऱ्या लाटेत काकांना ऑक्सिजनवर ठेवलं. काकू गणपतीला नवस बोलल्या, ते घरी येईपर्यंत रोज माळावरचं हेच फूल वाहीन. फिरायला मी सोबत असे. "आज ऑक्सिजन कमी लागला रे," असं सांगत त्या फुलासाठी वाकायच्या.

एका सकाळी माळरानाची हौसेने निगा राखणारे एक गोरे आजोबा समोर आले. काकूंच्या तळहातावरची फुलं पाहून ते मटकन खालीच बसले. ही फुलं आता फार थोड्या जागी उरली होती, आणि बी धरेपर्यंत ते ती डोळ्यांत तेल घालून जपत होते. मी मराठीत सांगत गेलो, तसा काकूंचा चेहरा उतरत गेला.

"त्यांना सांग, मी चोर नाही." मग लगेच, "नको, तसं नको. सॉरी सांग."

"नो वरीज, लव्ह," आजोबा म्हणाले. "यू वेरन्ट टू नो." तुम्हाला कुठून कळणार होतं, असं म्हणतायत, मी काकूंना सांगितलं.

घराच्या दारात काकू म्हणाल्या, "ओरडले असते तर बरं झालं असतं रे." रोज सोबत तर मीही होतो; मला शरमेने त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी माळावर जाणं सोडलं. लेकीने दुकानातून शेवंती आणली, ती त्यांनी मुकाट्याने वाहिली. पण बोललेला नवस तो नव्हता.

थोड्याच दिवसांत काका गेले. काकूंना अंत्यसंस्कार फोनवर पाहावे लागले. लेक रडत म्हणाली, "आई, फुलाने काही झालं नसतं गं."

"कळतं मला. पण लाज दोन्हीकडची वाटते. त्या आजोबांची, आणि ह्यांची."

विमानं सुरू झाल्यावर काकू परत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांनी मला हाक मारून माळावर नेलं. खुडलेल्या जागी पुन्हा फुलं आली होती. मी तिथूनच काकूंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं मोकळं कपाळ दिसलं, आणि उगाच लावला असं झालं.

"अरे, पुढे नको जाऊस, पाय पडेल!" त्या ओरडल्या. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"आजोबा आहेत का तिथे?"

"आहेत ना."

"त्यांना सांग," काकू म्हणाल्या, "मी नुसतं बघितलं."