उतारी तात्यांची

हणमंत गेल्याचं शालननं मला फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "निम्मं कर." बोलून झाल्यावर कळलं आपण काय बोललो ते. हे शब्द हणमंतचे. मी काहीही सांगायला लागलो की संगणकातली मान वर न करता तो एवढंच म्हणायचा. कळस गावच्या आमच्या विहिरीत म्हैस पडली आणि पोहत पोहत उजनीच्या धरणात निघाली, असं मी सांगावं, त्यानं निम्मं कर म्हणावं. मी धरण काढून टाकायचो. पुन्हा निम्मं कर. मग विहीरही जायची आणि म्हैस बिचारी नुसतीच काठावर चरत उरायची. पंधरा-वीस वर्षांच्या दोस्तीत ते दोन शब्द माझ्या जिभेवर कधी येऊन बसले, मला ठाऊक नाही. शालन म्हणजे त्याची धाकटी बहीण, आमच्या कळसला दिलेली; ती दवाखान्यात थांबली होती, मी तासाभरासाठी घरी आलो होतो. ती म्हणाली, "भाऊ, ह्यातलं निम्मं कसं करू?"

तेव्हापासून मी नीट बोललेलो नाही. आता लिहायला बसलोय तर अडवणारा कुणी नाही, म्हणून जमेल तिथं माझं मीच निम्मं करीन. वाचणाऱ्यांनी उरलेलं करावं.

हणमंत वाढला वालचंदनगरात, कंपनीच्या क्वार्टरमध्ये. वडील, म्हणजे तात्या, तिथं फिटर. मुलगा पुण्याला जाऊन शिकला आणि तिथंच एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत राहिला. मैदानावरचे नव्हे, फोनवरचे खेळ. आई वारली तेव्हा परत आला. वालचंदनगरला मात्र राहायला गेला नाही. बारामती एमआयडीसीत, दूध डेअरीच्या पाठीमागं एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली, त्यात एक यंत्र मांडलं आणि मला बोलावून घेतलं. मी त्या काळात लग्नपत्रिका आणि सत्काराचे फ्लेक्स करायचो. म्हणाला, पत्त्यांची चित्रं काढ, राजाराणी आपल्याकडची वाटली पाहिजेत. ते यंत्र असं तापायचं की पलीकडच्या कँटीनवाल्या मावशी त्यावर कुरडया वाळवून न्यायच्या. निम्मं करतो... मावशींनी एकदा त्यावर ओला रुमाल टाकला होता. हणमंतनं तो वाळल्यावर घडी करून परत नेऊन दिला आणि वर चहा पिऊन आला.

त्या खोलीत त्यानं केलं काय, तर मेंढीकोट. चौघांत खेळायचा, समोरासमोरचे दोघं भिडू, चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि ज्या जोडीकडं जास्त मेंढ्या तिचा डाव. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये पाळी सुटली की ओट्याओट्यावर हाच खेळ चालायचा. हणमंतनं तो फोनवर आणला, चौघं चार गावांत बसून खेळतील असा. लोकांना वाटायचं, पुण्याहून शिकून आलाय, धंदा काढला असेल. खरी गोष्ट अशी की बापलेकांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. भांडण नव्हतं, वैर नव्हतं. उभ्या जन्मात ते आईमार्फत बोलत आलेले. तात्या म्हणायचे, त्याला विचार जेवणार का. तो म्हणायचा, त्यांना सांग जेवलो. दोघं एकाच खोलीत असायचे. आई गेली आणि निरोप न्यायला माणूसच उरलं नाही. हणमंत दर रविवारी वालचंदनगरला जायचा, उंबऱ्यावर बसायचा. तात्या अंगणात बसायचे. संध्याकाळी उठून परत यायचा. मी विचारलं, काय बोलणं झालं? तर म्हणायचा, "ऊन कमी हाय म्हणाले." हे मी निम्मं करू शकत नाही. एवढंच होतं.

म्हणून मग चौघांचा डाव बसला. तात्या आणि हणमंत भिडू, त्यांच्या विरुद्ध मी आणि शालन. दिवेलागणीला तात्या वालचंदनगरात, शालन कळसच्या गोठ्यापाशी, आम्ही दोघं त्या पत्र्याच्या खोलीत. पहिल्याच दिवशी डाव अर्धा झाला नाही तोच हणमंतचा फोन वाजला. तात्या. ह्यो कुठला मेंढीकोट, हुकूम आधीच उघडा कसा, आमच्या क्वार्टरमदी हुकूम बंद असतोय, पान झाकून ठिवायचं असतंय. हणमंत म्हणाला, बंद कसा ठेवायचा ते सांगा. तात्या सांगत सुटले. झाकलेलं पान कुणी मागायचं, कधी मागायचं, मागितलं आणि आपल्याच हातात हुकूम नसला तर काय... डेअरीचे टँकर भरून निघून गेले तरी फोन चालू. ठेवल्यावर हणमंत भिंतीकडं बघत बसला. मी म्हणालो, बापानं झापलं का रे? म्हणाला, "न्हाय. बोलले." मग रात्री न जेवता त्यानं हुकूम झाकला.

हे झाकणं-उघडणं कसं होतं ते थोडं सांगतो, कारण हणमंतचं खरं काम तेच. खेळ दिसतो फोनवर, पण चालतो त्या यंत्रावर, ज्याला सर्व्हर म्हणतात. फोनला यंत्राशी बोलायचं तर ठरलेल्या पत्त्यावर निरोप धाडावा लागतो. पत्त्यांच्या खेळाचे हे पत्ते. शिकलेली माणसं त्यांना एपीआयचे एन्डपॉइंट म्हणतात, हणमंत खिडक्या म्हणायचा. कारखान्याला असतात तशा, या खिडकीत हे काम, त्या खिडकीत ते. सगळं जग त्या खिडक्यांना इंग्रजी नावं देतं. यानं दिली आपली. खेळात यायचं तर 'बसतो'. पान टाकायचं तर 'टाकतो'. झाकलेलं पान मागायचं तर 'हुकूम'. आणि उठायचं तर 'येतो'. खिडकीतून येणारं उत्तरही माणूस बघून. माझी वेळ आली की फोनवर यायचं, टाक लेका. शालनला, टाक गं. तात्यांना, "तात्या, तुमची उतारी. टाका." उतारी म्हणजे पहिलं पान टाकायची पाळी. मी म्हणायचो, यंत्राला एवढं मानपान कशाला? तर म्हणायचा, यंत्र बोलतंय का, मी बोलतोय.

त्या 'येतो'नं एकदा घोळ घातला. बाहेरच्या राज्यातली एक कंपनी, नाव कशाला, आमचा खेळ घ्यायला तयार झाली. त्यांनी स्वतःचा झकपक पडदा बनवला आणि आमच्या खिडक्यांना जोडला. जोडणारी पोरगी हुशार, कामाला चोख. तिनं शब्दकोशात बघितलं, येतो म्हणजे मी येत आहे. तिनं खेळात आत शिरायचं बटण जोडलं 'येतो'ला. त्यांच्या मोठ्या साहेबांसमोर खेळ दाखवायचा दिवस आला. एकेक साहेब हौसेनं आत यायचं बटण दाबतोय आणि एकेक बाहेर फेकला जातोय. मी सांगत फिरायचो की बारा साहेब पार पार्किंगपर्यंत बाहेर गेले. निम्मं करायचं तर, पडद्यावरून गेले. पण गेले.

त्यांचा फोन आला. नाव बदला, 'जातो' करा. शब्दकोशाप्रमाणं बरोबरच होतं त्यांचं. हणमंत एरवी गरीब माणूस, पण त्या दिवशी हटून बसला. म्हणाला, आमच्याकडं उठताना जातो म्हणत नाहीत, म्हणू नये. त्यांना वाटलं अंधश्रद्धा. मग त्यांनी दुसरं काढलं. तुमच्या खेळात 'येतो' म्हणून उठलेल्या माणसाची जागा तशीच राहते, त्याचे पत्ते तसेच राहतात, त्याला काही मुदतच नाही. थोड्या वेळानं त्याच्या जागी दुसरा भिडू नाहीतर यंत्र बसवा. शिवाय पान टाकायला घड्याळ लावा, तुमचे ते एक खेळाडू फार वेळ घेतात. ते एक खेळाडू म्हणजे तात्या. तात्यांचं पान पडेपर्यंत उसाला तुरा यायचा, हे मी निम्मं करणार नाही. हणमंतनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यष्टीत रुमाल टाकला तरी जागा राखतात. हा तर येतो म्हणून गेलाय." कंपनीशी जमलं नाही. मी चार दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. तो मात्र दिवेलागणीला खेळायला बसलाच, आणि तात्या फोनवर हसताना ऐकू येत होते. त्यांनी आमच्या तीन मेंढ्या मारल्या होत्या.

गेल्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून त्याला बारामतीच्या दवाखान्यात दाखल केलं. शस्त्रक्रिया करू म्हणाले, बहुतेक ठीक होतं म्हणाले, आणि त्यांनी सगळं केलंही. सकाळी वेळ होता म्हणून डाव लावला. तात्यांचा गुडघा धरलेला, ते घरीच. शालन बाहेर बाकावर, मी त्याच्या पलंगाशी. तात्यांनी बदामाचा एक्का टाकला. माझं हलकं पान. हणमंतच्या हातात इतर बदामं होती की नव्हती कुणास ठाऊक, पण त्यानं बदामाची दश्शी काढली आणि बापाच्या एक्क्यावर ठेवली. शालनचंही हलकं पान पडलं. मेंढी तात्यांची, हात तात्यांचा, पुढची उतारी तात्यांची. तेवढ्यात न्यायला आले. त्यानं 'येतो' दाबलं आणि फोन माझ्याकडं दिला. मी म्हणालो, लेका, दिलीस ना मेंढी बापाच्या पदरात! त्यावर तो जे बोलला ते शेवटचं. "त्यांची उतारी हाय. सावकाश करू दे. घाई करू नको."

...

तेराव्यानंतर खोलीचा मालक भेटायला आला. भला माणूस, अवघडून बोलत होता. खोली त्याला हवी होती, भाचा गॅरेज टाकणार. मी हो म्हणालो आणि यंत्र आवरायला गेलो, तेव्हा ध्यानात आलं. हणमंतनं चालू डाव कुठं लिहून ठेवायची सोयच केली नव्हती. डाव असायचा नुसता यंत्राच्या स्मरणात. पूर्वी मी बोललो होतो त्याला, वीज गेली तर? म्हणाला, ओट्यावरचा डाव पाऊस आला की मोडतोच की. म्हणजे यंत्र बंद केलं की ती दश्शी, तो एक्का, हणमंतच्या हातातली उरलेली पानं, सगळं पुसलं जाणार. बटणापाशी हात नेला आणि मागं घेतला. हे माझ्या एकट्यानं करायचं काम नव्हतं.

वालचंदनगरला गेलो. कंपनीचं क्वार्टर सुटल्यावर तात्यांनी जवळच बांधलेल्या दोन खोल्या आहेत. शालन आलेली होती. मी सांगितलं, यंत्र हलवायचंय, त्याआधी बंद करावं लागतंय. तात्या मला नावानं हाक मारत नाहीत, थापाड्या म्हणतात. म्हणाले, "थापाड्या, खरं सांग. बंद केलं तर डाव ऱ्हातोय का?"

मी म्हणालो, न्हाय राहत.

तात्या चष्मा काढून धोतरानं पुसत राहिले. शालननं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं की मी उठून तिच्या नवऱ्याला फोन लावला, भाजीची पिकअप मोकळी आहे का म्हणून.

बारामतीपासून वालचंदनगरपर्यंत चालू यंत्र पिकअपमध्ये घालून आणलेला माणूस या पृथ्वीवर मी एकटा आहे. हवं तर निम्मं करा, शालनचा नवरा धरून दोघं. इन्व्हर्टरची बॅटरी जोडली, यंत्र वांग्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये गोधडीत बसवलं आणि मी त्याला मिठी मारून मागं बसलो. गाडी अशी हळू चालली होती की उसाच्या बैलगाड्या मागं टाकून गेल्या आणि गाडीवान विचारत होते, आजारी कोण हाय? खड्डा आला की मी मिठी घट्ट करायचो. पंखा चालू असल्याचं हाताला लागत होतं, गरम वारा येत होता. त्या रस्त्यावर मी एकही गोष्ट रचली नाही. सगळा वेळ त्या पंख्याकडं कान लावून होतो.

तात्यांच्या आतल्या खोलीत, कपाटाशेजारी यंत्र ठेवलं. वायर जोडल्या, फोनला यंत्राचा नवा पत्ता दिला. थोडा वेळ नुसतं गोल गोल फिरत राहिलं... आणि मग पडदा आला. चारी जागा होत्या. हणमंतच्या जागेवर लिहिलेलं, 'येतो म्हणालाय'. खाली, "तात्या, तुमची उतारी. टाका."

तात्यांनी फोन हातात घेतला. पानं बघितली, एकेक, सगळी. शालन त्यांच्याजवळ खाली बसली आणि हळू म्हणाली, "तात्या, टाका की एक पान. त्येला बरं वाटंल."

तात्यांनी मान हलवली. पोरीला मेंढीकोट शिकवताना बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "मी टाकलं की ह्यो थापाड्या टाकंल. मग नंबर हणमंताचा. मग समदी म्हंत्याल, डाव हणमंतानं अडवलाय." फोन त्यांनी उलटा मांडीवर ठेवला. "आत्ता माझ्यामुळं अडलाय. अडू दे."

मी अधूनमधून जातो. आतल्या खोलीत पंख्याची घरघर असते. दिवे लागले की तात्या चार्जरवरचा फोन काढतात, चष्मा लावतात, पानं नीट बघतात आणि फोन परत चार्जरला लावतात. शेजारच्या एकानं परवा विचारलं, तात्या, रोज एवढं काय बघता? तात्या म्हणाले, "उतारी माझी हाय. इचार करतोय."